डबा रिकामा परत करावा

जाहिरात-कलेत मी पुढे बरीच वर्षं काढली. पोस्टरं ढिगानं केली. ती भिंतींवर लागली, उन्हात विटली, खळीच्या वासानं गाईंनी चाटली, आणि त्यांतलं एखादं कोणी नीट वाचलं असेल असा पुरावा मला कधी मिळाला नाही. अपवाद एकाच पोस्टरचा. ते मी विद्यार्थी असताना बोईसरजवळ केलं. ज्यांच्यासाठी केलं त्यांतल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती, तरी एका दुपारीत ते सगळ्यांना कळलं. इतकं कळलं, की दुसऱ्या दिवशी गरम भाताचे डबे समोर मांडलेले असताना एकाही माणसानं त्यांना हात लावला नाही. माझ्या कलेचा एवढा जबरदस्त परिणाम आधी कधी झाला नव्हता, आणि देवाच्या कृपेनं नंतरही झाला नाही.

साठीचं दशक निम्म्यावरून पुढे सरकलं होतं. रेशनवर अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापायला घेतली की तव्यावर जाईपर्यंत तिचे तीन तुकडे व्हायचे, आणि घराघरांतून तिच्या नावानं जे काही बोललं जायचं ते इथं लिहिता येणार नाही. तारापूरच्या किनाऱ्यावर अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं. त्या कामापायी सातारा, नगर, नाशिक कुठून कुठून आलेली बिऱ्हाडं बोईसर-तारापूर रस्त्याच्या कडेनं पत्र्याच्या छपरांखाली राहत होती. भाताची कापणी उरकली की डोंगरातली वारली कुटुंबंही खाली यायची आणि पाम गावाच्या बाजूला झोपड्या घालून मातीकाम करायची.

अशा ठिकाणी आम्ही तिघं मुंबईच्या कलाशाळेतली मुलं काय करत होतो? पाट्या रंगवत होतो. एका ठेकेदाराला कामावर लावायला सुरक्षिततेच्या पाट्या हव्या होत्या, आणि आमच्या सरांनी शेवटच्या वर्षातले तिघं निवडून धाडले होते. मी जाहिरात-कलेचा. दुसरा माझा मित्र, धातुकामाच्या वर्गातला, ज्याच्या खिशात पेनाऐवजी कानस असायची. तिसरी आमची वर्गमैत्रीण कापडावरची नक्षी शिकत होती. ती आम्हा दोघांपेक्षा कमी बोलायची आणि त्यामुळे तिच्या चुका कोणाच्या लक्षात यायच्या नाहीत. आम्ही डिझाइन शिकतो असं सांगितलं की समोरचा माणूस आदरानं विचारायचा, “साडीच्या काठाचं?”

पाट्यांत मी लगेच नाव काढलं. ‘वर लक्ष ठेवा’ ही पाटी मी इतकी देखणी केली, की तिच्याकडे बघत चालताना एक मुकादम कालवलेल्या सिमेंटमध्ये गुडघाभर उतरला.

ही पाटी बघायला जी गर्दी जमली तिच्यात चेअरमनबाई होत्या. बाई मूळच्या साताऱ्याकडच्या, नवरा कामावर फिटर. रस्त्याकडेच्या त्या बिऱ्हाडांनी मिळून एक छोटी सहकारी सोसायटी काढली होती, धान्य आणि रॉकेल घाऊक आणून वाटून घ्यायला. बाई तिच्या प्रमुख. त्यांना कोणी ‘अध्यक्षा’ म्हटलेलं चालायचं नाही.

“अध्यक्षा म्हणलं की हार घालून गप बसवत्यात,” त्या म्हणायच्या. “चेअरमन म्हणलं की ऐकत्यात.”

मुकादमाला बाहेर काढून झाल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. “चित्रं चांगली काढतोस की रं. पर ह्यानं कुणाचं पोट भरतंय? चल, तुला एक खड्डा दावते.”

खड्डा त्या बिऱ्हाडांच्या पत्र्याच्या चाळीमागेच होता. चांगला पुरुषभर खोल. ठेकेदाराच्या कँटीनमध्ये पाळीवर माणसं किती येतील याचा अंदाज कधीच लागायचा नाही, त्यामुळे रोज दुपारी एक-दोन हंडे भात आणि डाळ तशीच उरायची. माश्या नकोत, कुत्री नकोत म्हणून ते सगळं या खड्ड्यात ओतून वरून चुना टाकायचे. आणि हे सगळं चेअरमनबाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं. एका हातात तुटकी मिलोची भाकरी, आणि समोर खड्ड्यात वाफाळता भात.

“उष्टं न्हवं हे,” बाई म्हणाल्या. “कुणाच्या पानात वाढल्यालंसुदिक न्हाई. हंड्यातलं निव्वळ अन्न. दोन महिनं बघतीया. माझ्या घशाखाली घास उतरंना झालाय.”

त्या कँटीनच्या मॅनेजरकडे जाऊन भांडून आल्या होत्या. मॅनेजर उत्तरेकडचा, माणूस वाईट नव्हता, पण कटकटीला घाबरायचा. तो म्हणाला होता, “ले जाइए बाई. मगर झगड़ा नहीं होना चाहिए, गंदगी नहीं होनी चाहिए. होली तक देखता हूँ. रोज़ का खाना रोज़ उठता दिखा, तो खड्डा बंद करा दूँगा. नहीं तो चूना फिर मँगवा लूँगा.” तोपर्यंत खड्डा उघडाच राहणार होता. बाई रोज खिडकीतून त्याच्याकडे बघायच्या आणि तो त्यांच्याकडे.

हा भात न्यायचा कोणी? चाळीतली बिऱ्हाडं थोडा घेत, पण बाईंचं म्हणणं, “आमाला मिलो तरी हाय.” पामकडच्या झोपड्यांत तेवढंही धड नसायचं. किनाऱ्यावरच्या घिवली गावाहून मासळी विकायला येणाऱ्या दोघीतिघी जणीही टोपली रिकामी झाल्यावर परत जाताना भात नेऊ लागल्या. पहिले काही दिवस ज्यानं त्यानं आपापलं भांडं आणलं, आणि भांडणांना ऊत आला. हिचं पातेलं मोठं, तिचं तपेलं लहान. डाळ रस्त्यात सांडायची. मॅनेजरच्या कपाळावर आठी दिसू लागली.

तेव्हा बाईंनी आम्हाला पकडलं. “सारखं डबं पायजेत. एकाचा एकाला हेवा वाटू ने असं. करा तुमचं ते डिझाइन.”

सरांना कळवलं, त्यांनी हाच तुमचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प असं ठरवून टाकलं, आणि आम्ही कामाला लागलो. आजही सांगताना छाती फुगते, काम चांगलं झालं. दूधपावडरीचे रिकामे डबे कामावर पडलेले असत. मित्रानं ते गोळा केले, पालघरच्या बाजारात पत्र्याचं काम करणाऱ्या एका कारागिराकडे नेले आणि त्याच्या शेजारी बसून त्यांच्या कडा वळवल्या, कड्या बसवल्या, बूड असं केलं की एकावर एक रचले तरी घसरणार नाहीत. डबा ओळखायचा कसा? मी आकडे रंगवायला निघालो होतो. मैत्रिणीनं माझ्या हातातून कुंचला काढून घेतला आणि प्रत्येक डब्यावर एक चित्र काढलं. मोर, कोयता, फणी, खेकडा, ताडाचं झाड. ज्याला जे आवडलं ते त्यानं उचललं. खेकडा कोणाला मिळावा यावरून थोडी बाचाबाची झाली, पण ती हसतखेळत.

पहिल्या दुपारी डबे भरून गेले. हंडे रिकामे झाले. बाईंनी खिडकीतून खड्ड्याकडे बघून त्याला निरोपाचा हात हलवला. डबे दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या ओट्यावर परत यायचे होते.

आणि त्या सकाळी बाई रेशनचा कोटा सोडवायला पालघरला गेल्या. मित्र आणि मैत्रीण आणखी पत्रा आणायला त्यांच्याबरोबर. डबे मोजून घ्यायचं, म्हणजे चुकायला अजिबात वाव नसलेलं काम, माझ्याकडे.

मी ओट्यावर आलो तेव्हा डबे येऊन गेले होते, ओळीनं मांडलेले, झाकणं घट्ट. मोराचं झाकण उघडलं. आत काळपट, चिकट, सुरकुतलेलं काहीतरी, आंबूस वासाचं. मला वाटलं, बेदाणे सडलेत. कोयत्याच्या डब्यात वेडेवाकडे, खडबडीत, दगडासारखे गोळे. फणीच्या डब्यात माती लागलेली चिंच. ताडाच्या झाडात मूठभर वालाचे दाणे आणि त्यात खडे. खेकडा घिवलीच्या मावशीचा. त्याचं झाकण काढल्याबरोबर जवळ्याचा असा भपका आला की मी शाकाहारी माणूस ओट्यावरून उतरून रस्त्यापर्यंत मागे गेलो.

मी तिथं उभा राहून विचार केला. तो काय केला हे सांगायला आजही लाज वाटते, पण सांगतो, कारण तो अत्यंत व्यवस्थित विचार होता. माझं म्हणणं असं पडलं, की यांना डबा मिळाला पण डब्याचा उपयोग समजला नाही. यांनी त्यात घरातला केरकचरा साठवला. चूक त्यांची नाही. सूचना देण्यात आम्ही कमी पडलो. सूचना देणं हा तर माझा विषय!

मी सगळे डबे उचलले आणि खड्ड्यात रिकामे केले.

डबे घासून पालथे घातले आणि पोस्टर करायला बसलो. मधोमध पालथा डबा. त्यातून शेवटचे दोन थेंब पडताहेत. बाजूला चकाकीची चांदणी. खाली ठळक अक्षरांत, ‘डबा रिकामा व स्वच्छ परत करावा’. निळा रंग कमी पडला म्हणून पार्श्वभूमी पिवळी केली आणि ती जास्तच खुलली. दुपारी बारीक खिळे ठोकून ते ओट्याच्या खांबावर लावलं. मातीची घमेली घेऊन जाणाऱ्या झोपड्यांतल्या बाया थांबून बघत होत्या. त्यांच्यातली एक, कोयत्याचा डबा नेणारी, उंच, कपाळावर गोंदण असलेली, बराच वेळ बघत राहिली. मग तिनं मागे खड्ड्यात वाकून पाहिलं आणि घमेलं सावरून गेली. मला वाटलं, चित्र आवडलं.

त्या दिवशी डबे आदल्या दिवसापेक्षा मुकाट्यानं भरून गेले. संध्याकाळी सगळे पालघरहून परतले, थकलेले, आणि अंधार पडल्यामुळे माझी कलाकृती कोणाच्या नजरेस पडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबे ओट्यावर आले. एकूण एक रिकामे. घासलेले, पालथे, चित्रातल्यासारखे चकाकणारे. मी मित्राला अभिमानानं म्हटलं, “बघ. एका दिवसात.”

दुपारी डबे भरून मांडले. कोणी आलं नाही. बाया समोरच्या रस्त्यानं गेल्या, आल्या, पण मान वळवली नाही. घिवलीच्या मावश्या टोपल्या डोक्यावर घेऊन आमच्या ओट्यासमोरून थेट पुढे. भात गार झाला. मॅनेजर कँटीनच्या दारात येऊन उभा राहिला, घड्याळाकडे बघितलं, आत गेला. त्या दिवशीचा भात चाळीतल्या बायकांनी कसाबसा संपवला, उरलेला खड्ड्यात गेला. होळी आता पंधरवड्यावर आली होती.

चेअरमनबाई ओट्यावर आल्या. खांबाकडे बघितलं. अक्षर अन् अक्षर वाचलं.

“ही कुणाची कला?”

“माझी.”

“अन् कालच्या डब्यात काय हुतं?”

मी सांगितलं. सडके बेदाणे, दगड, चिंच, खडे, जवळा.

बाई खालच्या पायरीवर बसल्या. दोन्ही हात कपाळाला लावले. मग अगदी हळू आवाजात, आणि ओरडण्यापेक्षा ते फार वाईट होतं, म्हणाल्या, “बाळा, तुला आई हाय न्हवं?”

“आहे.”

“शेजारणीनं वाटीभर भाजी धाडली तर तुझी आई वाटी कशी परत धाडती?”



आमच्या घरी वाटी रिकामी परत पाठवणं म्हणजे शेजारणीशी बोलणं सोडण्यासारखं. काही नसलं तर आई चिमूटभर साखर घालायची. साखर रेशनवर संपली असली तर दोन तुळशीची पानं. लहानपणी ती वाटी घेऊन जाणारा मीच, आणि वाटेत ती साखर खाणाराही मीच. म्हणजे ही रीत मला ठाऊक होती असं म्हणणं कमी पडेल. तिच्यावर मी वाढलो होतो. पण ती एका चित्राच्या डब्यातून, मोहाच्या फुलांच्या आणि करांद्यांच्या रूपात समोर आली, तर मला ती ओळखू आली नाही. मला केर दिसला.

“ते बेदाणे न्हवंत, मोहाची फुलं,” बाई म्हणाल्या. “अन् ते दगड न्हवंत, करांदं. कंद हाय. उकडून खात्यात. त्या बाईनं दिवसभर माती वाहून, वर रानात जाऊन खणून आणलं आसतील. अन् तू त्या खड्ड्यात...” त्यांनी खड्ड्याकडे हात केला. “मी भात खड्ड्यात जाऊ ने म्हणून लोकांच्या दारात भांडतीया, अन् माझ्याच ओट्यावरनं लोकांचं अन्न खड्ड्यात!”

मग त्या उठल्या. पदर खोचला. “उतर.”

“कुठं?”

“खड्ड्यात. करांदं काढ. सालीचं हायत, धुतलं की झालं.”

मी खड्ड्यात उतरलो. मित्र वर दोर धरून उभा, आणि त्याला हसू आवरत नव्हतं म्हणून दोर हलत होता. चुना पडून पडून थंड झालेला, पण पांढरा मात्र तेवढाच. वर आजचा भात, त्याखाली जुना चुना, आणि मधून मधून माझे दगड. मी एकेक करांदा उचलून वर फेकत होतो आणि मैत्रीण तो ओच्यात झेलत होती. बाहेर आलो तेव्हा केसांपासून चपलांपर्यंत पांढरा. तेवढ्यात मॅनेजर मागच्या दारानं आला, दोन पावलं मागे सरला आणि म्हणाला, “अरे, ये कौन भूत है?”

“हमारा डिझाइनवाला है,” चेअरमनबाई म्हणाल्या. “खड्डे का नाप ले रहा है.”

तशाच पांढऱ्या अवतारात मी पामच्या बाजूच्या झोपड्यांकडे गेलो. बाईही बरोबर होत्या, पण वाटेत त्यांनी बजावलं, “मी बोलनार न्हाई. पोस्टर तुजं, तोंड तुजं.” दिवसाचं काम सुटलं होतं, बाया चुली पेटवत होत्या. ती उंच बाई कोयत्यानं लाकडं फोडत होती. मी टोपलीतले धुतलेले करांदे तिच्यापुढे ठेवले.

तिनं टोपलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. “डबा रिकामा पायजे होता ना तुला? दिला.”

“चुकलं. मला कळलं नाही.”

“चित्र तं चांगलं काढलंस. सगळ्यांना कळला.” बाकीच्या बाया हसल्या, पण ते हसणं माझ्या बाजूचं नव्हतं. “तुमी घालता, आमी खातो, आन भांडं पालथा करून देतो. भिकारी असला का असाच करतो. आमी काय भिकारी हाव?”

 शब्द सुचेनासे झाले की मी काहीतरी करून बसतो, हा माझा जुना रोग. तुमचं अन्न मी कमी लेखत नाही हे दाखवावं, म्हणून टोपलीतला एक करांदा उचलला आणि कचकन चावला.

कच्चा करांदा कोणी चावून बघू नये. पहिल्या क्षणी बटाट्यासारखा लागतो. दुसऱ्या क्षणी जगातला सगळा कडूपणा जिभेच्या मुळाशी येऊन बसतो. थुंकावं तर अपमान, गिळावं तर गळा घेईना. मी डोळे मिटून गिळला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, चेहऱ्यावर चुना, आणि त्या चुन्यावरून ओघळ.

आधी एक म्हातारी हसली. मग सगळ्याच. ती उंच बाई कोयता टाकून खाली बसली आणि गुडघ्यांत तोंड घालून हसली.

“आरं, उकडतात त्याला!” ती शेवटी म्हणाली. “तुला शाळेत काय शिकवतात रं?”

“चित्रं,” मी म्हणालो. जीभ एवढी जड झाली होती की तो शब्दही धड उमटला नाही, आणि त्या पुन्हा हसल्या.

हसू ओसरल्यावर ती उठली आणि चेअरमनबाईंकडे वळली. आता तिचा आवाज सरळ होता. “तुमचा भात आमी नेऊ. पण आमी डब्यात घालू तां तुमी खायाचा. फेकायचा नाय, वाटून टाकायचा नाय. तुमी खायाचा. नायतर आमाला पण नको.”

चेअरमनबाई म्हणाल्या, “खाऊ.”

हा शब्द बोलायला सोपा होता. चाळीत तो पाळायचा म्हणजे वेगळी गोष्ट. झोपड्यांतून आलेलं चाळीतल्या किती घरांत शिजलं असतं? दोघीतिघींनी नाकं मुरडली. एकीनं स्पष्टच विचारलं, “आता त्यांच्या हातचं खायचं व्हय?” बाईंनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी ओट्यावरच चूल मांडली, रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी. करांदे मीठ घालून उकडले. नव्यानं आलेली मोहाची फुलं धुऊन कुटली आणि मिलोच्या पिठात कालवली. आणि मग चमत्कार झाला. मोहाच्या चिकटपणानं मिलोची भाकरी तुटली नाही! गोल, अखंड, तव्यावर फुगली. बाईंनी ती दोन्ही हातांनी वर धरून चाळीला दाखवली, एखादी ढाल जिंकून आणल्यासारखी. मग तिथंच बसून खाल्ली. नाक मुरडणाऱ्या बाईनं संध्याकाळपर्यंत दम धरला आणि मग पिठाचं ताट घेऊन आली. एका घरानं मात्र शेवटपर्यंत खाल्लं नाही, तेही खरं.

आता आमचं डिझाइन बदलणं भाग होतं. डबा आम्ही एका बाजूनं जाणाऱ्या अन्नासाठी केला होता. हे अन्न दोन्ही बाजूंनी चालणारं निघालं. डाळीच्या डब्यात जवळा घातला की घासूनही वास जाईना, आणि चाळीतले शाकाहारी कुरकुर करू लागले. मी खूप विचार करून तीन कागद रंगवले. मित्रानं पत्रा कापायची कात्री उचलली. त्यानं झाकण खोल केलं, चांगलं वाटीएवढं, आणि त्याला स्वतःचं छोटं झाकण. भात खालच्या डब्यातून जायचा, परतीचं देणं वरच्या वाटीतून यायचं. दोन्हींची कधी गाठ पडायची नाही. घिवलीच्या डब्यांची वाटी वेगळी काढता यायची, म्हणजे जवळा थेट जवळा खाणाऱ्यांकडे. डब्यांवर डबे अजूनही तसेच रचता येत होते. मित्रानं पहिला डबा ओट्यावर ठेवला तेव्हा आम्ही तिघं त्याच्याभोवती उकिडवे बसून बराच वेळ नुसतं बघत राहिलो. काही वस्तू अशा असतात की झाल्यावर वाटतं, या आधीपासून असायलाच हव्या होत्या.

माझं पोस्टर बाईंनी खांबावरून काढलं आणि उलटं करून मिठाच्या बरण्यांखाली घातलं. “कागद जाड हाय,” त्या म्हणाल्या. त्या पोस्टरचं एवढंच कौतुक झालं.

डबे भरभरून जाऊ लागले आणि वाट्या भरभरून येऊ लागल्या. बोरं, आवळे, ओल्या वालाच्या शेंगा, नाचणीचं पीठ, सुके बोंबील. चाळीनं आपला वाटा खाल्ला की उरलेलं बाई, त्या उंच बाईला विचारून, रोज नव्यानं वाटायच्या. मोहवालीकडे बोंबील जायचे, घिवलीला नाचणी जायची. उंच बाई आता आली की मला लांबूनच विचारायची, “मास्तर, आज काय कच्चा खाशील?”

होळीच्या आदल्या दुपारी मॅनेजर आला. हंड्यांत डोकावला. तळ दिसत होता. मग तो ओट्याकडे आला आणि थबकला. ओटा टोपल्यांनी, सुपांनी, वाट्यांनी भरलेला. पाय ठेवायला जागा नाही.

“बाई,” तो म्हणाला, “आप तो खाना ख़तम करने निकली थीं. ये तो बढ़ गया!”

“बैठिए,” बाई म्हणाल्या आणि त्याच्या हातात मोहाची भाकरी ठेवली. तो उभ्या उभ्या खायला लागला, मग बसला. दुसरी मागितली. खाता खाता तो मागच्या खड्ड्याकडे बघत होता. बाई त्याच्याकडे बघत होत्या. मी बाईंकडे. तोंड पुसून तो उठला आणि म्हणाला, “कल छुट्टी है. परसों आदमी भेजता हूँ. भर देंगे.”

 बाई उठून आत गेल्या आणि बराच वेळ भांडी वाजत राहिली.

खड्डा भरला जाताना मी तिथं नव्हतो. होळीलाच आम्ही मुंबईला परतलो, परीक्षा जवळ आली होती. निघताना बाईंनी मोराचा डबा माझ्या हातात दिला, वाटीत उकडलेले करांदे. “परीक्षेत दावायला,” म्हणाल्या. घरी आईनं करांदे चाखले, डबा उलटसुलट करून बघितला आणि वाटी-झाकणाला एकदा ‘हं’ म्हणाली. आमच्या घरात यापेक्षा मोठं प्रमाणपत्र मिळत नसे. मग तिनं डबा घासला, खालच्या भांड्यात लाडू भरले, वरच्या वाटीत चिवडा, आणि माझ्यापुढे ठेवला.

“हा परीक्षेला न्यायचाय,” मी म्हणालो.

“परीक्षेला नंतर. दुसऱ्याचं भांडं घरात पडून ठेवू नये. देऊन ये.”

तिला काय सांगणार? मी परत बोईसरला गेलो. चाळीमागे खड्डा नव्हता. माती दाबून चोपून सपाट केलेली, आणि तिच्यावर डबे न्यायला केलेली एक नवी हातगाडी उभी, जणू तिची जागा कायमचीच तिथली. खिडकीतून चेअरमनबाई हसल्या. लाडू काढून घेतले, डबा घासला, आणि म्हणाल्या, “आत्ता घालायला काय न्हाई रं. रिकामा कसा देऊ? ऱ्हाऊ दे, पुढच्या खेपंला ने.”

म्हणून परीक्षेच्या दिवशी माझ्या टेबलावर फक्त डब्याचे आराखडे आणि छायाचित्रं. परीक्षक दोन्ही बाजूंनी फिरले, आराखडे उलटून पाहिले आणि चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, “चित्रं ठीक आहेत. पण वस्तू कुठं आहे?”

आयुष्यात मी फार थोडी उत्तरं ताठ मानेनं दिली. त्यांतलं हे पहिलं.

“बोईसरला आहे, सर,” मी म्हणालो. “वापरात आहे.”